डॉक्टरांनी न घेतलेला नंबर

आमचा विमानतळ म्हणजे नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधली एक डांबरी पट्टी. तिथे व्हर्लिन श्टूरइतका हट्टी माणूस दुसरा नाही. पंधरा वर्षं आमची विमानं एकाच हँगरमध्ये उभी आहेत, त्यामुळे हे म्हणायचा मला हक्क आहे.

जानेवारीत त्याच्या हृदयात स्टेंट बसला. हृदयाच्या डॉक्टरांनी विमान उडवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण वैमानिकांची सरकारी तपासणी वेगळी, आणि तिची मुदत एप्रिलअखेर संपत होती. मी त्याला म्हटलं, संपू दे मुकाट्याने. चार जणांचं मोठं विमान विक, दोघांचं हलकं घे. तुझा परवाना जन्मभराचा आहे आणि हलक्या विमानाला या तपासणीऐवजी गाडीचं लायसन्स पुरतं. फक्त तपासणीला बसू नकोस. त्यात नकार मिळाला, तर हलकं विमानही गेलं.

व्हर्लिन भडकला. "चोरासारखा मागच्या दाराने उडू?" म्हणाला आणि घरी बसून त्याने तपासणीचा ऑनलाइन अर्ज भरला, स्टेंटसकट सगळं खरं लिहून. त्याची बायको लव्हॉन हिने फोन करून मला तपासणीला सोबत जायला लावलं. वाटेत मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर जुंपलीच असती.

तपासणीच्या डॉक्टर आयडा क्लासेन स्वतः विमान उडवतात. व्हर्लिनने अर्जाच्या नंबराचा कागद पुढे केला. बाईंनी तो घेतलाच नाही.

"आधी नुसतं बोलू," त्या म्हणाल्या. "हिवाळा कसा गेला?"

त्याने स्टेंटचं सांगितलं. बाईंनी त्याचे रिपोर्ट सावकाश वाचले, जिना चढताना धाप लागते का विचारलं. मग म्हणाल्या, हा नंबर मी कॉम्प्युटरवर टाकला की तपासणी सुरू झाली. मग प्रकरण वरच्या ऑफिसात जाणार, आणि तिकडून नकार यायचीच भीती जास्त.

"कागद खिशात ठेवा, व्हर्लिन. हलकं विमान घ्या."

"म्हणजे पळ काढू?"

"पळ कसला? उलट जबाबदारी वाढली. वर्षा-दोन वर्षांनी मी तुम्हाला तपासणार, त्याऐवजी तुम्ही रोज सकाळी स्वतःला विचारायचं, आज मी उडण्याजोगा आहे का. खोटं बोलणाऱ्याला मी हे सुचवलं नसतं."

व्हर्लिनने कागद घडी करून खिशात घातला. माझ्या तर जिवात जीव आला. परतताना एका हॉटेलात त्याने मला गोड ॲपल पाय खाऊ घातला आणि स्वतः दोन खाल्ले. लव्हॉनला या खादाडीचं सांगायचं नाही असं ठरलं.

मे महिन्यात हलकं विमान आलं. तरी मला धाकधूक होतीच. हा माणूस स्वतःला कधी 'नाही' म्हणेल, यावर माझा विश्वास नव्हता. जूनमधल्या एका निरभ्र सकाळी मी हँगरमध्ये पोचलो, तर व्हर्लिन विमान बाहेर काढून माझीच वाट बघत होता.

"रात्री झोप लागली नाही," तो म्हणाला. "आज तू उडव. मी शेजारी बसतो."