कार्डावरचं ऑपरेशन

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. एका निरपराध माणसाला मी दोन दिवस पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं, मारलं आणि स्टेशन डायरीत त्याची नोंदही केली नाही.

दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली एक म्हातारी पित्ताशयातल्या खड्यांनी तळमळत होती. सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड असलेल्या रुग्णाला पैसे भरावे लागत नाहीत; रुग्णालय आधी मंजुरी मागतं आणि खर्च योजनेकडून परस्पर घेतं. जळगावच्या रुग्णालयाने तिच्यासाठी मंजुरी मागितली, ती नाकारली गेली. नोंदीप्रमाणे तिचं पित्ताशय धुळ्यातल्या एका खाजगी रुग्णालयात आधीच काढलेलं होतं.

योजनेकडून विचारणा होताच धुळ्याच्या त्या रुग्णालयाचे डॉक्टर तक्रार घेऊन आमच्याकडे आले. "बाईने स्वतःचं कार्ड दुसरीला वापरायला दिलं." मला लगेच पटलं. त्यांचे कागद नीटनेटके होते.

म्हातारीला आणि कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या तिच्या मुलाला बोलावलं.

"कार्ड कोणाला दिलं, अक्का?"

"कोनलेच नही, साहेब. शिबिर शे म्हनीसन जीपमा लई गयात. सलाईन लाई, फोटो काढा, तिसरा दिन घर धाडी दिधं."

"आणि ऑपरेशन?"

"पोट फाडं आसतं ते मले समजतं नही का?"

हवालदार हसले. मीही हसलो. तिला घरी पाठवून मुलाला ठेवून घेतलं. तो एकच सांगत राहिला, "मले कितलंबी मारा, साहेब, पन मायनं ऑपरेशन व्हऊ द्या." चौकशी संपेपर्यंत मंजुरी अडकणार, हे त्याला माहीत होतं. मलाही.

तिसऱ्या दिवशी मुलाला सोडलं. त्याच दिवशी धुळ्याच्या त्या रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसणारा आरोग्यमित्र मला चहाच्या टपरीवर गाठून म्हणाला, "माझं नाव घेऊ नका, साहेब. भरती करतानाचा फोटो मागवा."

फोटो आला. खाटेवर, हाताला सलाईन लावलेली, हीच म्हातारी होती. मग महिला शिपायाने तिचं पोट तपासलं. "साहेब, टाक्याची एकही खूण नाही."

मी डॉक्टरांना शस्त्रक्रियेचं रजिस्टर मागितलं. त्यांनी पाणी मागितलं. त्या जीपमधून आलेल्या बऱ्याच जणांची ऑपरेशनं अशीच कागदावर झाली होती.

डॉक्टरांना अटक झाली. पण खोटी नोंद रद्द होऊन मंजुरी मिळेपर्यंत म्हातारीच्या पित्ताशयात पू झाला. जळगावला ती कशीबशी वाचली.

गरिबाच्या कार्डावर खोटं ऑपरेशन चढलं की त्याचं खरं ऑपरेशन अडतं, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. फोटो मागवायला एक अर्ज पुरला असता. मी तो पहिल्या दिवशी केला नाही, कारण समोर हमाल होता आणि तक्रारदार डॉक्टर.

निवृत्तीनंतर त्या मायलेकांच्या घरी गेलो. म्हातारी दारात लसूण निवडत होती.

"अक्का, माझं चुकलं."

तिने वर पाहिलं नाही. "मले काय सांगस, भाऊ? मार ते त्यानी खादा. त्याले सांग."

मुलगा आतून आला. मला ओळखून उंबऱ्यातच थांबला.

"तुम्ही खरं बोलत होतात," मी म्हणालो. "मी तुमच्यावर हात उचलला. आईचे दिवस वाया घालवले. मला माफ करा."