दोन मिनिटांचा ऑस्ट्रेलियन

चटईखाली लाफाएलेचं डोकं संतापाने भणभणत होतं. सामोआत अपराध करणारा बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरून, ज्याचा अपराध केला त्याच्या दारात उन्हात बसतो. घरच्यांनी ती उचलली की माफी मिळाली.

दार थोरल्या काकांचं होतं. "माझा पुतण्या सामोआकडूनच फुटबॉल खेळणार," असं त्यांनी भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं. पण लाफाएलेची आई ऑस्ट्रेलियन. तेविसाव्या वर्षी तिकडच्या कोचने बोलावलं आणि हा हुरळून गेला. एका अधिकृत सामन्यात त्याला अगदी शेवटी उतरवलं. नियमाप्रमाणे तो जन्मभरासाठी त्यांचा झाला; सामोआकडून खेळणं कायमचं बंद. त्यानंतर नऊ वर्षं हा क्लबांसाठी गुडघे झिजवत राहिला, पण त्या हरामखोरांनी पुन्हा बोलावलं नाही.

भर दुपारी काकांनी चटई खस्सकन ओढली.

"गाढवा, किती खेळलास रे त्यांच्याकडून?"

"दोन मिनिटं."

"चेंडूला पाय तरी लागला?"

"नाही, काका."

काकांनी चटई त्याच्याच अंगावर भिरकावली.

"ऊठ! ही घेऊन सिडनीला जा. ज्याने तुला उतरवलं, त्याला म्हणावं, ये आणि बस माझ्या दारात!"