बाटलीवरची विजया

आधी उदगीरच्या सिस्टरांचं सांगतो. त्यांचं नाव लिहिणार नाही, कारण त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते त्यांच्या नोकरीत बसणारं नव्हतं. कुवेतला आमच्या कॅम्पपासून चालत पंधरा मिनिटांवर सरकारी दवाखाना होता, तिथले लोक त्याला मुस्तौसफ म्हणतात. तिथे त्या नर्स होत्या. सावळ्या, उंच, वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. मी फॉर्मवर सही मराठीत केली ती बघून त्या पहिल्यांदा बोलल्या, "कुठले हो तुम्ही, भाऊ?" त्या दिवसापासून मी त्यांचा भाऊ झालो. आज मी माझ्या घराच्या ओटीवर बसून हे लिहितोय आणि माझी धाकटी बहीण तिच्या घरी नवऱ्याबरोबर सुखानं आहे, ते त्यांच्यामुळे.

मी सातवीत शाळा सोडली. पाइप फिटिंग शिकलो आणि लढाईनंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर तिकडे गेलो. आमचं वर्कशॉप राई नावाच्या भागात होतं, पण बरंचसं काम मीना अल-अहमदीला, रिफायनरीच्या शटडाउनचं. शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद, ठरलेल्या दिवसांत काम उरकायचं, मधे सुट्टी मागायची नाही.

आणि मला पोटाचा विकार. जेवलो की पळायचं. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा. उंचावर पाइपाचा जोड अर्धा आवळलेला असायचा आणि मी शिडी उतरून धावत सुटायचो. खोलीतले आमचेच मालवणी लोक चेष्टा करायचे. "अरे, तुझी लाइन लीक आसा, एकदा वेल्डिंग करून घे." मीही हसायचो. पण फोरमननं एकदा हिंदीत सरळ सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही याचा तो विचार करतोय. घरी बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. तिच्या नवऱ्याला, आमच्या भावजींना, मीच कंपनीत लावून घेतलं होतं. माझी नोकरी गेली असती तर त्यांची किती टिकली असती, सांगता येत नाही.

त्या दिवाळीला रजेवर गेलो तेव्हा कणकवलीच्या एका वैद्यांकडे गेलो. म्हातारे होते, अर्धा तास नाडी धरून बसले. त्यांनी एक कागद लिहून दिला आणि सांगितलं, हे जायफळाचं चूर्ण आहे, कोल्हापूरला अमुक दुकानात मिळेल, पण कागद दाखवल्याशिवाय ते देणार नाहीत. कोल्हापूरला दुकानदारानं कागद वाचला, माझं नाव-गाव एका वहीत लिहिलं आणि माझी सही घेतली. मला वाटलं, महाग औषध आहे, हिशेब ठेवत असतील. बाटलीवर औषधांची यादी होती. जायफळ, वेलची, लवंग, सुंठ अशी ओळखीची नावं, आणि त्यांच्यात बारीक अक्षरांत 'विजया'. मला वाटलं, मालकाच्या बायकोचं किंवा आईचं नाव असेल. आमच्याकडे होडीवर घालतात की बायकोचं नाव, तसं.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं अनारसे केले. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून आखातात नेलेली चालत नाही, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून मी सुरी घेऊन बसलो आणि एकेका अनारशाची खसखस खरवडून काढली. बहीण आणि आई हसून हसून बेजार. शेवटी अनारसे खरजेच्या कातडीसारखे दिसायला लागले. ती गोष्ट घरात पुढे वर्षभर चालली, भावजींच्या कानावरही कितीदा गेली.

कुवेतच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं बॅग उघडली. अनारसा उचलून उलटापालटा केला, वास घेतला. मग बाटली उचलली. मी पोटावर हात फिरवून तोंड वाकडं केलं. तो हसला आणि बाटली परत ठेवली. मीही हसलो.

चूर्ण लागू पडलं. आठवडाभरात मी दिवसाला दोनदा जाणारा माणूस झालो. झोपही गाढ लागायला लागली. फोरमननं शटडाउनला मला मुख्य लाइनवर घेतलं. बाटली जपून जपून वापरली तरी संपत आली, तेव्हा भावजी रजेवर गावी होते. मी टेलिफोनच्या कार्डावरून गावी फोन करून सांगितलं, वैद्यांकडून नवा कागद घ्या आणि येताना तीन बाटल्या आणा.

पुढे एका बुधवारी ताप आला म्हणून मुस्तौसफला गेलो. सिस्टरांनी विचारलं, आणखी कुठलं औषध चालू आहे का. मी खिशातून बाटली काढून दिली, जरा ऐटीतच, आपल्याकडचं आहे म्हणून. त्यांनी यादी वाचली. मग उठून दार लोटलं आणि बाटली माझ्या हातात परत कोंबली.

"भाऊ, विजया म्हणजे काय माहीत आहे का?"

मी म्हटलं, मालकाची बायको असेल.

त्या हसल्या नाहीत. "भांग हाय ती. भांगेची पानं. आपल्याकडं वैद्याच्या कागदावर औषध म्हणून मिळतंय. हितं ते औषध नाही. मुखद्दरात म्हणतेत, गर्द-अफू सगळं त्यातच. कागद असो नसो, तुरुंग."

मला आधी कळेचना. मी तिथल्या तिथे अनारशांची गोष्ट सांगून टाकली, खसखस कशी खरवडली ते. मला वाटत होतं, मी किती जपून वागतो हे कळलं तर त्या म्हणतील की काही होत नाही. त्यांनी कपाळाला हात लावला.

"खसखस खरवडली आन् भांग आणली."

मग हळू आवाजात म्हणाल्या की ही बाटली मी बघितलीच नाही असं समजा, खोलीवर जा, संडासात ओता, बाटली धुऊन टाका. मी दारापर्यंत गेलो आणि पाय अडले. भावजी दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारच्या विमानानं येणार होते. तीन बाटल्या घेऊन. मी ते सिस्टरांना सांगितलं.

त्यांनी तिथेच अंग काढून घेतलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. परक्या मुलखातली नर्स, सरकारी नोकरी, एकटी बाई. पण ड्युटी संपल्यावर त्या समोरच्या जमियाच्या, म्हणजे सोसायटीच्या दुकानाच्या, भिंतीवरच्या टेलिफोनपाशी आल्या. माझ्यापासून पाच पावलं लांब, ओळख नसल्यासारख्या उभ्या राहिल्या. मी गावच्या वाण्याच्या दुकानात फोन लावला. वाणी म्हणाला, तुमचे भावजी कालच एसटीनं मुंबईला गेले. मुंबईत ते आमच्या गावकऱ्यांच्या खोलीवर उतरणार होते. तिथे फोन नव्हता. वाण्याला निरोप तरी काय सांगणार? मी रिसीव्हर ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

सिस्टर पुढे आल्या. स्वतःचं कार्ड घातलं. त्यांचा धाकटा भाऊ अंधेरीला कारखान्यात होता. त्याला त्यांनी कारखान्याच्या फोनवर बोलावून घेतलं. तो म्हणाला, आज दुसरी पाळी आहे, उद्या सकाळी विमानतळावर जातो, पण मी माणूस ओळखायचा कसा, आणि कुणी अनोळखी माणूस आपलं औषध माझ्या हवाली का करेल? त्याचं बरोबर होतं. सिस्टरांनी मला विचारलं, तुम्हा घरच्यांनाच ठाऊक असेल असं काही आहे का? आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच फोनवर सांगितलं, "पाटीवर त्यांच्या गावाचं नाव लिहून उभा राहा. आन् त्यो आला की इचार, अनारशांची खसखस खरवडली का."

गुरुवारी ताप अंगात घेऊन मी कामावर गेलो. खोलीत बसवत नव्हतं. रिफायनरीत आत गेलं की बाहेरचं काही कळत नाही. विमान उतरायची वेळ झाली तेव्हा मी पाइपाच्या जोडावरच्या एका फ्लॅंजचे बोल्ट आवळत होतो. सोबतचा केरळी फिटर म्हणाला, हा बोल्ट तू तिसऱ्यांदा आवळतोयस. मनात सारखं एकच येत होतं, भावजींना धरलं तर ते माझं नाव सांगतील का, आणि नाही सांगितलं तर बहिणीला मी तोंड कसं दाखवू. दुसरं वाईट की पहिलं, ते मला ठरवता येईना.

संध्याकाळी कॅम्पवर आलो तर भावजी पलंगावर बसून बॅग सोडत होते. तोंड फुगलेलं.

"तो माणूस कोण हुतो ओ, दादा? माका म्हणता, खसखस खरवडलास काय? मी हसलंय, तर तीनय बाटले काढून घेतल्यान. पावतीय दिल्यान नाय."

मी त्यांच्या पायाशी खाली बसलो. ते घाबरले, मला चक्कर आली असं त्यांना वाटलं. बाटल्या सिस्टरांच्या भावानं फेकल्या नाहीत. आमच्या गावकऱ्यांच्या खोलीवर नेऊन दिल्या, घरी पोचवा म्हणून. तिथे त्या औषधच होत्या. विमानात चढल्या असत्या तर उतरेपर्यंत गुन्हा झाल्या असत्या. तेच पान, तोच कागद, तोच आजारी माणूस.

सिस्टरांनी मग मला मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरांसमोर बसवलं, तपासण्या करवल्या. गोळ्यांनी पोट बरंच सुधारलं, पूर्ण नाही. चूर्णासारखा उतार मला पुन्हा कधीच पडला नाही, खोटं कशाला बोलू. एक डबा बिस्किटं घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या की कॅम्पात नवा माणूस आला की त्याच्या औषधांची बाटली कुणा शिकलेल्याकडून वाचून घ्या. ते मी शेवटपर्यंत केलं. लोक मला औषधांचा कस्टमवाला म्हणायचे.

दोन हजारनंतर आमच्या साइटवर एक कॅनडाचा इंजिनियर होता, म्हातारा, हाडांच्या दुखण्यानं वाकलेला. आमच्या सुपरवायझरनं त्याचं बोलणं मला हिंदीत सांगितलं, की त्याच्या देशात आता डॉक्टरनं लिहून दिलं आणि सरकारनं कागद दिला की अशा रोग्याला भांग घरी ठेवता येते. मी विचारलं, मग इथे काय करतो? सुपरवायझर म्हणाला, इथे दुखणं सोसतो आणि सुट्टीची वाट बघतो. त्याला दोन्ही देशांचे कायदे वाचता येत होते. मला बाटलीवरचं एक नाव वाचूनही कळलं नव्हतं. पण गेटच्या आत आम्ही दोघं सारखेच होतो.

एक गोष्ट मनातून जात नाही. त्या गुरुवारनंतर काही महिन्यांत सिस्टरांची बदली लांबच्या दुसऱ्या मुस्तौसफला झाली. त्या म्हणाल्या, बदल्या होतच असतात. पण त्या बुधवारी त्यांनी दार लोटलेलं कुणी बघितलं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. धीर झाला नाही. आता तर विचारायलाही नको वाटतं.

त्या नोकरी सोडून उदगीरला गेल्याचं पुढे कळलं. एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की त्यांच्या वडिलांच्या घरी नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि वरच्या टाकीपर्यंत लाइनच नाही, घागरीनं चढवावं लागतं. मला दुसरं काही येत नाही, पण पाइप जोडता येतो. पत्ता माझ्याकडे नाही, गावाचं नाव आहे. या उन्हाळ्याच्या आत जमलं नाही तर पुढच्या, पण हत्यारांची पेटी घेऊन मी उदगीरला उतरणार आहे, विचारत विचारत घर शोधणार आहे आणि ती लाइन माझ्या हातानं टाकून देणार आहे. सिस्टर, एकही जोड गळणार नाही.