तांबडीसाठी बंद केलेलं दार

आमच्या काकूचं सोवळं बडोद्याच्या अख्ख्या घडियाळी पोळेत, म्हणजे आमच्या गल्लीत, प्रसिद्ध होतं. शाळेतून आलेल्या मुलानं कळशीला हात लावला, की ती पुन्हा घासली जाई. पण गाईचं उष्टं? छे, ते उष्टं कसलं! दाराबाहेर एक लोखंडी घमेलं असे. रोजची पहिली पोळी गुळासकट त्यात पडे. एका गाईनं अर्धी टाकली तर मागून येणारी ती खाई, आणि घमेलं विसळायचं कुणाच्या मनातही येत नसे.

त्या गाईंतली तांबडी काकूची लाडकी. पाणीगेटच्या एका भरवाडाची, म्हणजे गुरं राखून दूध घालणाऱ्याची. काकूला मूलबाळ नव्हतं, काकाही लवकर गेलेले. तांबडीची मान खाजवत ती आम्हा सगळ्यांच्या तक्रारी तिच्या कानात सांगे. गाय तरी ऐकून घेते, हे वर आईला ऐकू जाईल अशा बेतानं.

घरोघर केबलच्या वायरी येत होत्या, त्या सुमारास बडोद्यात गुरांना लाळ-खुरकूत झालं. एका सकाळी एक परकी पांढरी गाय लंगडत दाराशी आली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. तिनं पोळी तोंडात घेतली आणि तशीच टाकली. मागून आलेल्या तांबडीनं ती भिजलेली पोळी खाल्ली, वर घमेलंही चाटलं. काकू कौतुकानं बघत होती.

थोड्याच दिवसांत भरवाड एकटाच आला.

"बा, तांबडीने खरवा थयो छे," तो म्हणाला. तांबडीलाही लाळ-खुरकूत झालं होतं; जिभेवर फोड आले होते, खुरांत जखमा. त्यानं तिला इतर गुरांपासून लांब, तरसालीला बांधलं होतं. रोग लाळेतून पसरतो, एका भांड्यात दोन गाईंना घालू नका, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग मी येते ना भाई, भेटायला. लापशी करून आणते."

"ना बा. तमारा पगे बीजां ढोरने लागशे."

पायांनीसुद्धा रोग दुसऱ्या गुरांकडे जातो, हे ऐकून काकू घमेल्याकडे बघत राहिली. मग तिनं ते सोड्याच्या उकळत्या पाण्यानं घासून पालथं घातलं. पहिली पोळी मात्र रोज होतच राहिली. दुपारी ती वाळलेली पोळी काकू स्वतः खाई. आज माझ्या तव्यावर पहिली पोळी फुगते तेव्हा काकू हवी होती असं वाटतं, अगदी तिच्या टोमण्यांसकट.

तांबडी बरी झाली, हडकुळी होऊन पाणीगेटला परतली. पण अजून काही दिवस तिला दारोदार चारायला मनाई होती. तिला हे कोण समजावणार? दोर सुटला की ती थेट आमच्या दाराशी येई आणि शिंगानं दार वाजवी. आत काकू कडी घट्ट धरून उभी असे.

"आज नको गं बाई. आज जा."

भरवाड येऊन तिला घेऊन जाई. पुढे पुढे दार वाजायचं थांबलं.

अखेर मनाई उठली. काकूनं सकाळीच दार सताड उघडलं आणि गरम पोळी हातात घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली. तांबडी आली. आमच्या दारासमोरून, मान न वळवता, पुढे निघून गेली.

"अगं, उघडं आहे," काकू म्हणाली. "आज उघडं आहे."