पुढं कोण उभं राहणार

वाटूरला आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. संध्याकाळी शाळेतून आलो की दोघांच्या हातात दोन मोबाइल, खेळ एकच. राक्षसांच्या गुहेत शिरायचं. आमचे हे टँक, म्हणजे ढाल घेऊन पुढं उभं राहायचं आणि सगळा मार आपण खायचा. मी हीलर, मागं राहून त्यांच्या जखमा भरणारी. एरवी 'अहो' म्हणणारी मी खेळात मात्र "अरे, मागं सरक की येड्या!" म्हणून ओरडायची. त्यांना लई हसू यायचं.

दिवाळीनंतर एकदम म्हणाले, "आता तू टँक हो."

या खेळात ते चालतं. कमावलेले पॉइंट एका विद्येतून काढायचे, दुसरीत घालायचे.

"मला न्हाई जमणार."

"जमतं. शिकून घे." वर्गात पोरांना दटावतात तसं बोलले.

घेतली बाई ढाल. सारखी मरायची. ते म्हणायचे, "परत." स्वतः तिरंदाज झाले, तेही एका फटक्यात गार होतील असे. आणि हीलर कुणीच न्हाई! "औषधाच्या बाटल्या तूच उचल. एकटीनं गुहा पार करता आली पाहिजे."

"का? तुम्ही कुठं चाललात?" मी चिडून विचारलं. त्यांनी लगेच पुढची गुहा उघडली.

मला वाटलं, माझा कंटाळा आला. पण मंग खेळाच्या बाहेरही तेच सुरू झालं. गॅसची टाकी मला बसवायला लावली. परतूरपर्यंत चारचाकी मला चालवायला लावली, आणि स्वतः बाजूला डोळे मिटून बसले. "मी न्हाईच असं समज," म्हणाले. त्यांच्या ताटात रोज अर्धी भाकर उरून राह्यली होती, तेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं.

एका संध्याकाळी त्यांचा तिरंदाज सुरुवातीलाच मेला. मी एकटीनं तो मोठा राक्षस पाडला आणि पोरीसारख्या उड्या मारल्या. ते टाळ्या वाजवत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बराबर. आता मला काळजी न्हाई."

"कशाची काळजी? बोला आता, न्हाईतर माझ्याशी गाठ आहे!" मी मोबाइल गादीवर फेकला.

मंग सांगितलं. पोटात गाठ होती. दिवाळीच्या आधीच जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितल्तं, जल्दी उपचार सुरू करा. यांनी ते घ्यायचेच न्हाईत असं परस्पर ठरवून टाकल्तं. मला विचारलंसुद्धा न्हाई.

अंगाचा नुसता जाळ झाला माझ्या. "उद्याच दवाखान्यात जायचं. तुम्ही हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, मी नेणार म्हणजे नेणार!"

मला वाटलं, वाद घालतील. पण खाली बघत म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय गं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना जवळ ओढलं. सदऱ्यातून पाठीची हाडं हाताला लागली.