फ्रिजवरचे पेले

किल्लारीचा भूकंप होऊन दहा-बारा वर्षं उलटली, तरी लातुरातल्या रेणुकादासांच्या मेसमध्ये फ्रिजवर स्टीलच्या पेल्यांचा मनोरा कायम असे. पेले वाजले की पळायचं! अडचण एवढीच, की तो म्हातारा फ्रिज चालू होतानाही थरथरायचा. मग हातातल्या पळीसकट रेणुकादास रस्त्यावर, आणि माडीवर जेवणारी क्लासची पोरं खो-खो हसत.

शेवटी त्यांच्या बायकोनं, विनीताबाईंनी, कमी वीज खाणारा नवा फ्रिज आणला. "अहो, आता बिल बी कमी अन् तुमचं पळणं बी!"

नवा फ्रिज इतका गरीब, की चालू आहे का हे हात लावून बघावं लागे. रेणुकादासांनी मनोरा मात्र त्यावरही रचला. महिनाभर पेले मुके राहिले.

आज दुपारी माडीवर पंगत भरलेली असताना पेले किणकिणले.

"काका, पळा! फ्रिज चालू झाला!" वरून पोरं ओरडली.

रेणुकादासांनी फ्रिजला हात लावला, मग भिंतीला. थरथर भिंतीत होती.

इतकी वर्षं दाराकडे धावणारे रेणुकादास आज जिन्याकडे धावले. "पोरांनो, खाली या रे!"

वर हसणं अजून चालूच होतं.