प्रविणकाकाचा ठोका

नरपडच्या आमच्या आळीत सध्या बातमी अशी आहे की प्रविणकाकाचं डोकं वगैरे काही दुखत नाही. दुपारभर मस्त काम करतो, आणि पाहुणे आले किंवा काकीने काही आणायला सांगितलं की कपाळाला फडकं बांधून आडवा होतो. समोरची रूपीमावशी हे सांगते तेव्हा नाकातून बोलते. "ठोकल्याचा आवाज येतो बाय माझ्या कानावर. डोकं दुखणारा माणूस ठोकेल? जाऊ दे, आपल्याला काय करायचंय!" आपल्याला काय करायचंय म्हणून झालं की ती पुढच्या घरी सांगायला जाते.

त्याच्या आधीची बातमी होती की काकाला अच्छाडला ट्रकने उडवलं.

दोन्ही खोट्या. ट्रक उभा होता. काका दागिन्यांच्या डाय बनवतो, म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नी-हातोडीने उलटी नक्षी कोरतो. सोनार मग त्यावर पत्रा दाबून फूल, पान काय ते उठवतात. त्यासाठी जुनं पोलाद बघायला तो अच्छाडच्या भंगारवाल्याकडे गेला होता. वाकून ढीग चाळला, एक तुकडा आवडला, खुशीत ताडकन उठला, आणि वर ट्रकचा उघडा फाळका होता. म्हणजे धडक काकाने ट्रकला दिली. रक्त नाही, टाका नाही. स्वतः मोटारसायकल चालवत घरी आला आणि दारात निलमकाकीला विचारलं, "मी कुठे गेलो होतो गं?"

डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन काढायला लावला. त्यात काही नव्हतं. "मेंदूला हादरा बसलाय, तो फोटोत दिसत नाही," त्या म्हणाल्या. "उजेड, आवाज सोसणार नाही. चिडचिड होईल. काही दिवस पूर्ण आराम, मग थोडं थोडं काम. आणि दुखायला लागल्यावर थांबून उपयोग नाही, त्याच्या आधी थांबायचं." यातलं शेवटचं वाक्य काका घरी येईपर्यंत विसरला. पहिल्यातलं ‘फोटोत दिसत नाही’ एवढंच मात्र अख्ख्या आळीने पाठ केलं: रिपोर्ट नॉर्मल.

मी त्याची पुतणी, भिंतीपलीकडे राहते, म्हणून पुढचं बरंचसं ऐकून आणि थोडं बघून सांगते. त्या घरातला एकेक आवाज बंद होत गेला. कुकर माळ्यावर गेला, भात टोपात शिजायला लागला. ताटांच्या मध्ये जुन्या साडीचे तुकडे आले. काकाच्या आईची, म्हणजे जिजाआजीची, टीव्हीवरची मालिका मुकी झाली, ती पडद्याकडे बघत मला विचारायची, "ही मेली काय बोलते गं?" आणि मी सुनेचं, सासूचं, वकिलाचं, सगळ्यांचं तिच्या कानात कुजबुजून सांगायचे. आजीला ते खऱ्यापेक्षा आवडलं.

एवढं करूनही एक दिवस काकीच्या हातून झाकण पडलं. गोल गोल फिरून थांबलं, थांबता थांबता जास्तच वाजलं.

"या घरात माणसाने शांतपणे मरायचं पण नाही का?" काका आतल्या अंधारातून ओरडला.

"मराल तेव्हा बघू. आत्ता जेवा."

"मुद्दाम पाडलंस."

"हो, सकाळपासून नेम धरून बसले होते!" काकी बोलली आणि मग एकदम खाली बसली. "आपटलं तुमचं, पण दुखतंय इथे सगळ्यांचं. मी तीन आठवडे चोरासारखी चालते माझ्याच घरात."

काका अंधारातूनच म्हणाला, "मला कळतंय मी कसा बोलतो. बोलून झाल्यावर कळतं." आणि मग परत चिडून, "आणि हे तरी हळू बोल ना!"

खरी भानगड उंबरगावच्या मुकेशभाईने सुरू केली. सोनारांचं काम तोच आणतो, तोच नेतो. त्याने फोन केला. "भाभी, प्रविणभाई बरे थई गया ने? काम चालू छे ने? नहीं तो पछी चिखल्याला देऊन टाकतो." एकदा काम चिखल्याच्या कारागिराकडे गेलं की परत येत नाही. काकी घाबरली आणि म्हणाली, "चालू आहे तर! दुपारी या कधीपण, ऐका."

आमच्याकडे बरेच जण डाय ठोकतात, आणि कोण काम करतंय हे बघत कोणी नाही, ऐकतात. प्रत्येकाचा ठोका वेगळा. काकाचा म्हणजे दोन बारीक, थोडं थांबून तीन. फोन ठेवून काकी माझ्याकडे आली. "शितले, सगळ्या गावाच्या नकला करतेस. काकाचं ठोकता येईल?"

मला आणखी काय पाहिजे! काका जेवून मागच्या दाराने समुद्राकडे सुरूच्या झाडांत जाऊन पडायचा, तिथे उजेड कमी लागतो. तो गेला की मी पडवीत त्याच्या बाकावर बसायचे आणि रद्दी ठोकळ्यावर टक टक... टक टक टक. नऊ दिवस. मुकेशभाई एकदा रस्त्यावरूनच ऐकून खूश होऊन गेला. रूपीमावशीची बातमी जन्मली ती इथे.

दहाव्या दिवशी काका लवकर परतला. दोन्ही कानांवर हात धरून पडवीच्या दारात उभा.

"कोण ठोकतंय?"

मी हातोडी मागे लपवली. काकीने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ताट येणार अंगावर. पण त्याने बाकावरचा रद्दी ठोकळा उचलून बघितला.

"मी थांबतो तिथे छिन्नी फिरवतो," तो मला म्हणाला. "तू थांबतेस तिथे काहीच करत नाहीस." मग काकीकडे वळला. "माझं काम म्हणजे नुसता आवाज वाटला तुम्हाला? मी नसलो तरी चालतंय ना, टक टक झालं की?"

आणि बसला. दिवा लावला, भिंग डोळ्याला, आणि आम्ही नको नको म्हणत असताना तासभर रागारागाने ठोकत राहिला. नंतर दोन दिवस उलट्या आणि काळोख. त्या दोन दिवसांत मी कोणाचाच आवाज काढला नाही.

तिसऱ्या दिवशी काकाने स्वतः मुकेशभाईला बोलावलं. "मी बरा नाही. मोठं काम चिखल्याला दे. माझ्याकडे नाकातल्या चमकीची छोटी डाय अर्धी पडलीय, ती मी करतो." माझ्या दुपारच्या टक टकबद्दल मात्र तो बोलला नाही, काकी खोटी पडू नये म्हणून.

मुकेशभाईने ठोकळा हातात फिरवला. पाच पाकळ्या, तीन झालेल्या. "शनिवारी सकाळी येतो. थई तो दुसरं काम पण तमारूं. नहीं तो सगळं चिखले."

डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांचीच परवानगी दिली होती. हिशेबाने जमणार होतं, पण काका थांबला तर. आणि काका थांबत नाही, हे मला माहीत होतं. एकदा जास्त बसला की दोन दिवस आडवा, आणि शनिवार गेला.

"काका, पाकळी अर्धी टाकून तू उठूच शकत नाहीस," मी म्हणाले. "पैज."

"काय देशील?"

"मी हरले तर आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगेन की ठोकणारी मी होते. मुकेशभाईला पण. तू हरलास तर कॉलेजच्या गॅदरिंगला मी तुझी नक्कल करणार. झाकणासकट."

"सांगताना स्वतःच्या आवाजात सांगायचं," काका म्हणाला. "रूपीच्या नाही."

गजर त्याला सोसला नसता, म्हणून मी घड्याळ बघून नुसता हात वर करायचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी हात वर केला तर म्हणाला, "दिसला, दिसला," आणि आणखी एक ठोका मारायला निघाला. काकी दारातून म्हणाली, "झाकण आणू?" उठला. मग रोज उठायचा, पण शिव्या देत. मला, घड्याळाला, त्या ट्रकला.

शुक्रवारी संध्याकाळी पाचव्या पाकळीचं टोक राहिलं होतं. हातोडी वर गेलेली. मला तेव्हा गॅदरिंग दिसत होतं, म्हणून मी अर्धं मिनिट आधीच हात वर केला. इतक्या जवळ आल्यावर कोण थांबेल?

काकाने घड्याळाकडे बघितलं. माझी लबाडी त्याला कळली, कारण तो हसला, ट्रकनंतर पहिल्यांदा. मग हातोडी खाली ठेवली, दिवा बंद केला आणि म्हणाला, "उद्या."

त्या रात्री त्याचं डोकं दुखलं, पण झोप मोडण्याइतकं नाही. शनिवारी सकाळी चार ठोक्यांत टोक झालं. दोन बारीक, मग छिन्नी फिरवली, मग दोन. मुकेशभाईने भिंगातून बघितलं आणि पिशवीतून दुसरा ठोकळा काढून बाकावर ठेवला.

"शितल," काका म्हणाला, "हा इथेच आहे. सुरुवात याच्यापासून कर."

ठोकणारी मी होते, मी सांगितलं. स्वतःच्या आवाजात. मुकेशभाई आधी हसला, मग काकीकडे बघून हसायचा थांबला, पण ठोकळा त्याने परत उचलला नाही. मग मी चपला घातल्या आणि रूपीमावशीची कडी वाजवली. हळू.